मयत किसन मास्तर

किसन मास्तर गेल्याचं मला जालन्याच्या स्टेशनवर कळलं. सांगणारा सावरगावाकडचाच माणूस होता. गाडी यायला अवकाश होता. बिडी पेटवता पेटवता तो सहज म्हणाला, "आपले किसन मास्तर वारले की."

आमच्या दोघांच्या मध्ये तीर्थपुरीचा एक आडत्या पेंगत बसला होता. त्याने मान वर करून विचारलं, "या बारीला खरंच का?"

"बिलकुल खरं. मी सोता माती देऊन आलो."

"मंग ठीक," आडत्या म्हणाला आणि पुन्हा पेंगू लागला.

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या पट्ट्यात मास्तरांना लोक 'मयत' याच नावाने ओळखायचे. "मयत बाजारात दिसले", "मयताला ताप आलाय", "मयत सायकलीवरून पडले" अशी वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत, आणि ती बोलताना कोणी हसत नसे. नवखा माणूस तेवढा दचकायचा. मीही पहिल्यांदा दचकलो होतो.

मी तेव्हा जालन्याच्या मिशनच्या शाळेत मराठी शिकवत होतो. मी ख्रिस्ती नव्हतो. संस्थानच्या सरकारी शाळांत सगळं शिक्षण उर्दूत होतं, मला तर मराठीशिवाय दुसरं काही नीट येत नव्हतं. मिशनला मराठी शिकवणारा माणूस पाहिजे होता. असं आमचं जमलं होतं. मिशनचे उपदेशक खेड्यापाड्यांत राहायचे आणि महिन्याच्या सभेला जालन्याला यायचे. त्यांतला एक उंच, हाडकुळा माणूस माझ्या ओसरीवर मुक्कामाला यायचा. डोक्याला कुणब्याचा रुमाल आणि त्यावर मिशनच्या गोऱ्या साहेबांनी दिलेली जुनी खाकी टोपी. रुमाल काढावासा वाटत नव्हता आणि टोपीला नाही म्हणवत नव्हतं, म्हणून दोन्ही. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तर म्हणाले, "किसन. पण गावाकडं विचाराल तर कळायचं न्हाई. तिकडं मी मेलेला हाये."

मला वाटलं, ही उपदेशकांची काही धार्मिक भाषा असेल. तसं नव्हतं. ते अगदी सरळ अर्थाने बोलत होते.

सावरगाव हे अंबड तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाचं गाव. किसन तिथल्या बऱ्यापैकी जमीनदार कुणब्याचा धाकटा मुलगा. पायाला कुऱ्हाड लागून जखम चिघळली म्हणून जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात आला आणि पाय बरा झाला तरी परत गेला नाही. का गेला नाही, ते मी त्यांना अनेकदा विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं मिळायचं. एकदा म्हणाले, "तिथं एक मांगाची म्हातारी होती शेजारच्या खाटंवर. तिला आन् मला एकाच भांड्यातनं पेज. पयले दोन दिवस मी उपाशी राह्यलो. तिसऱ्या दिवशी भूक लागली." यापलीकडे त्यांनी कधी खुलासा केला नाही. बाप्तिस्मा घेतला आणि ते सावरगावला परतले, पण आपल्या घरी नाही. ओढ्यापलीकडे मांगवाड्यात झोपडी घालून राहिले. तिथून भावाचं दार दिसायचं.

थोरला भाऊ नारायण याने मग त्यांचं मरण उरकलं. पूर्वी धर्म सोडलेल्या माणसाचं काही घरांत असंच करत. प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. नारायणदादांनी तो दिला, सुतक पाळलं आणि दहाव्या दिवशी सगळ्या भावकीला घेऊन गोदावरीवर गेले. बाप्तिस्म्याची तिथी तीच मरणाची तिथी धरली.

त्या दहाव्याला किसन मास्तर स्वतः हजर होते.

"जायाचं कारण काय?" मी विचारलं.

"माझाच दहावा. मी न्हाई गेलो तर बरं दिसंल का?"

ही हकिगत मी त्यांच्या तोंडून ऐकली, त्यांच्या चुलत्याकडून ऐकली आणि क्रिया सांगणाऱ्या गुरुजींच्या मुलाकडूनही ऐकली. तिन्हीकडे ती सारखीच आहे. घाटावर पिंड मांडले. मास्तर जरा लांब बाभळीखाली बसले होते. कावळे पुष्कळ होते, पण पिंडाला एकही शिवेना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, ती ओळखून तसं वचन द्यायचं, हा रिवाज. तेव्हा नारायणदादा हात जोडून नदीकडे तोंड करून बोलू लागले.

"आईला संभाळीन."

कावळा हलला नाही.

"तुझ्या वाटंचा मळा पडीक ठेवणार न्हाई."

कावळ्याने चोच घासली.

"तुझ्या पांढऱ्या बैलाला इकणार न्हाई. मारणार बी न्हाई."

भावकीतले एकेक जण पुढे येऊन अंदाज करू लागले. कोणी म्हणालं त्याला तीर्थपुरीच्या बाजारातली शेव आवडायची, शेव मागवा. कोणी म्हणालं त्याचं लग्न राहिलंय. ऊन चढलं. शेवटी म्हातारा चुलता वैतागून म्हणाला, "अरे, त्यालाच इचारा ना. त्यो काय, तिथं बसलाय."

गुरुजी म्हणाले, "मयताला असं विचारता येत नाही."

"आन् न्हाई इचारलं तर आपून इथंच मरू उन्हात."

मग मास्तर बाभळीखालून उठले. कोणाकडे न बघता, नदीला सांगावं तसं मोठ्याने म्हणाले, "मला कायबी नको. दादानं एकदा 'किसन' म्हणून हाक मारावी."

सगळे नारायणदादांकडे बघू लागले. चुलता म्हणायचा, नारायणचे ओठ हलले होते, ते त्याने स्वतः बघितलं होतं. पण आवाज आला नाही. दादा गुरुजींकडे वळून म्हणाले, "दर्भाचा कावळा करा." कावळा शिवतच नसेल तर गवताचा कावळा करून पिंडाला लावायचा, अशीही सोय आहे. गुरुजींनी तो केला. तो लगेच शिवला. मंडळी जेवायला गेली.

त्या दिवसापासून पुढं जवळजवळ वीस वर्षं किसन मास्तर त्या एका हाकेसाठी थांबले. बाकी सगळं ते या काळात करत होते, पण थांबलेले असतानाच.

बाकी सगळं म्हणजे हजामत. हा त्यांच्या कामाचा मुख्य भाग होता, आणि मिशनच्या कुठल्या पुस्तकात तो सांगितलेला नव्हता. गावचा न्हावी मांगांच्या डोक्याला हात लावत नसे. मांगवाड्यात पोरांच्या डोक्यांत खरूज, म्हाताऱ्यांच्या दाढ्या छातीपर्यंत. मास्तरांनी जालन्याहून वस्तरा आणि कात्री नेली आणि दर इतवारी प्रार्थनेच्या आधी दाढ्या करायला बसले. हात अत्यंत वाईट होता. सावरगावच्या मांगवाड्यातून लोक कापलेल्या हनुवटीला राख लावून प्रार्थनेला बसलेले मी पाहिले आहेत. दाढी चालू असताना ते उपदेश करत. एका गालाला पाप आणि दुसऱ्या गालाला क्षमा असा त्यांचा क्रम होता. वस्तरा गळ्याशी असल्यामुळे वाद घालायला कोणी धजत नसे. मला ते अभिमानाने सांगत, "जालन्याच्या सभेत लोक जांभया देतात. माझ्याकडं आजवर एकानं जांभई दिली न्हाई."

ओढ्याच्या अलीकडे याचा बभ्रा झाला तेव्हा नारायणदादा आपल्या बायकोला म्हणाले म्हणे, "बरं झालं मेला. न्हाईतर आपल्या घरात न्हावी निघाला म्हणून तोंड दाखवता आलं नसतं."

त्यांच्या उपदेशाच्या तावडीतून सुटलेला एकच माणूस, भिवा. दोर वळणारा, मास्तरांच्याच वयाचा मांग. एका इतवारी मी तिथे होतो. मास्तर भिवाचा डावा गाल करत होते आणि डोळ्यांत पाणी आणून सांगत होते, की सख्खा भाऊ बोलत नाही हे दुःख केवढं असतं, तरी आपण क्षमा केली पाहिजे. "देवाला क्षमा करणं सोपं गेलं असंल," ते म्हणत होते, "कारण देवाचं शेत काय दादाच्या शेताला लागून न्हाई."

भिवा म्हणाला, "मास्तर, आदी वस्तरा बाजूला घ्या."

"घेतला."

"तुमचे दादा तुमच्याशी बोलंनात म्हणून तुम्ही रडून राह्यलात. आमच्याशी ते कवा बोलले? हाक मारायची तर 'अय' म्हणून. पाण्यापायी मला आडाच्या कट्ट्यावर कासऱ्यानं बडवलं त्यांनी. तवा तुम्ही कुठं व्हता?"

मास्तर वस्तरा पुसू लागले.

"बाजूलाच हुबे व्हता. त्यांचा रुमाल धरून. हाणताना पडू नये म्हणून त्यांनी तुमच्याकडं दिल्ता."

ही गोष्ट मास्तर विसरले होते. ते खोटं बोलत नव्हते, खरोखर विसरले होते. ते चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "मंग तू माझ्याकडनं हजामत कशी काय करून घेतो?"

"दुसरं कोण करतं?"

मास्तर वस्तरा तसाच हातात धरून म्हणाले, "भिवा, मला माफ कर."

भिवाने अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. "आदी हा दुसरा गाल करा. मंग बघू."

त्या दिवशी दुसरा गाल उपदेशाशिवाय झाला. पुढे मी जेव्हा केव्हा विचारी, "भिवाने माफ केलं का?" तेव्हा मास्तर म्हणत, "बघू म्हणला व्हता. अजून बघून राह्यलाय." त्यानंतर क्षमेवर बोलताना ते आधी दोन्ही गाल पुरे करून वस्तरा मिटून ठेवत. मग पुष्कळ लोक मध्येच उठून जात. ते जाऊ देत.

भाऊ मात्र बोलत नव्हते असं अगदी म्हणता येणार नाही. ते बैलाशी बोलत. मास्तर ओढ्यावर पाण्याला आले की नारायणदादाही बैल घेऊन पाण्यावर येत, इतक्या वेळा, की त्या बैलाला तहान लागत असेल असं मला वाटत नाही. पाठ करून उभे राहत आणि म्हणत, "पवळ्या, आईला बरं न्हाई बरं का."

मास्तर धोतर पिळता पिळता म्हणत, "पवळ्या, मी येऊ का म्हणावं बघाया?"

"पवळ्या, मेलेली माणसं उंबऱ्याच्या आत घेत नसतात म्हणावं."

"पवळ्या, मिशनचं औषध देतो, ते तरी ने म्हणावं."

बैल काही न बोलता पाणी पीत असे. औषधाची बाटली दगडावर राहायची आणि संध्याकाळी दगडावर नसायची. आई गेली तेही मास्तरांना बैलाकडूनच कळलं. त्या दिवशी दादा एवढंच म्हणाले, "पवळ्या, आता आई बी तिकडंच गेली," आणि बैलाला पाणी न पाजताच परत नेलं. तिकडं म्हणजे कुठं, मेलेल्यांत का आणखी कुठं, यावर मास्तर अनेक दिवस विचार करत होते. मलाही विचारत.

आता पितृपक्षाचं सांगतो, कारण मास्तरांच्या आयुष्यातला मोठा गोंधळ त्यावरून झाला. दर वर्षी मास्तरांच्या तिथीला दादांच्या घरी त्यांचं श्राद्ध व्हायचं. मेलेल्याला जे आवडायचं ते करायचं, म्हणून दादांच्या पत्नी गिरजावहिनी उडदाचे वडे, गव्हल्यांची खीर आणि अंबाडीची भाजी करत. पत्रावळ वाढून मागच्या भिंतीपाशी कावळ्यासाठी ठेवत. पहिल्याच वर्षी मास्तर ओढा ओलांडून आले, भिंतीला टेकून बसले आणि ती पत्रावळ जेवले.

दादा काठी घेऊन बाहेर आले. बघतात तर काय करावं कळेना. जिवंत माणूस म्हणून हाकलावं तर इतके दिवस त्याला मेला म्हटलेलं. मेलेला म्हणून हात जोडावे तर तो वडा मागतोय. शेवटी ते काठी घेऊन कावळ्यांनाच हाकलत राहिले. वहिनी दारातून आभाळाकडे बघून म्हणाल्या, "कावळ्याला आजून भाजी वाढू का?" मास्तर म्हणाले, "काव." निदान ते तसं सांगत.

तेव्हापासून दर वर्षी हे झालं. वर्षातून एकदा त्यांना घरचं जेवण मिळायचं. पण त्याची खबर जालन्याला साहेबांपर्यंत पोचली. साहेब चांगले होते, मराठी पुस्तकातून शिकले होते आणि पुस्तकासारखीच बोलत. सभेपुढे मास्तरांना उभं केलं. सभेचं टिपण शुद्ध मराठीत लिहायला म्हणून मला कोपऱ्यात बसवलं होतं.

"किसन, तू पितरांस वाहिलेले अन्न भक्षण केलेस काय?"

"केलं, साहेब."

"ते कोणत्या पितरास वाहिलेले होते?"

"मला."

साहेबांनी चष्मा पुसला. "परंतु तू तर जिवंत आहेस."

"तेच दादाला पटंना झालंय."

"मग तू तेथे जाऊन मृत असल्याची बतावणी का करतोस?"

मास्तर म्हणाले, "साहेब, मी तिथं नुसता जेवतो. मेलाय का जिताय ते त्यांचं ते बघतात. वहिनी माझ्या नावानं वडे करते. मी जायाचं बंद केलं तर त्या घरात माझं नाव निघायचं बंद हुईल. वर्षातनं एक दिस तरी निघतं."

सभेने पुष्कळ विचार केला. निकाल असा झाला की नाताळपर्यंत मास्तरांनी प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या पंगतीला, बसायचं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ही शिक्षा साधी नव्हती. माझ्या ओसरीवर येऊन बसले, टोपी काढली, मग रुमालही काढला. "तिकडं मेल्याचं जेवण चालू हाये," म्हणाले, "हिकडं जित्याचं बंद झालं." हसले, आणि हसता हसता रुमाल तोंडाला लावला.

पुढल्या पितृपक्षात ते पुन्हा जेवायला गेले. साहेबांनी पुन्हा शिक्षा दिली. हे दोघांच्याही अंगवळणी पडलं.

मग एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला सावरगावात पटकी आली. गाव उठून रानात गेलं. नारायणदादांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या तेव्हा भावकी आधीच पांगली होती. गिरजावहिनी भर दुपारी ओढा ओलांडून मांगवाड्यात आल्या. इतक्या वर्षांत त्या बाईने मास्तरांशी कावळ्यावाचून संभाषण केलं नव्हतं. झोपडीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, चला जल्दी."

मास्तर गेले. भिवाही मागून गेला. तो का गेला ते त्याने कधी सांगितलं नाही. मला म्हणाला, "पाणी उकळाया कोणतरी लागतंच." मिशनच्या दवाखान्याने सांगितलं होतं तसं मीठ-साखरेचं पाणी भिवाच्या मडक्यात उकळून त्यांनी दादांच्या तोंडाशी धरलं. दादा पिईनात. जीभ सुकून लाकूड झालेली, डोळे खोल गेलेले, पण दात घट्ट मिटलेले. बायकोला म्हणाले, "मांगाचं मडकं. मेलेल्याचा हात. मी कसा पिऊ?"

मास्तर बाजूला बसून राहिले. बळजबरी करता आली असती, पण ती त्यांनी केली नाही. वहिनींनी डोकं आपटलं तरी दादा ऐकेनात. अशी दुपार कलली. मग दादांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत, अगदी शहाण्या माणसासारखं म्हणाले, "गिरजे, मी मेलो असं समज."

"असं बोलू नगा."

"समज. आता मी मेलो. मेल्याला इटाळ नसतो. आन् मेल्याला मेल्याशी बोलाया हरकत न्हाई." आणि मान वळवून भावाला म्हणाले, "आण ते पाणी."

मडकंभर पाणी त्यांनी त्या संध्याकाळपर्यंत संपवलं. आणि बोलले. वीस वर्षांचं सगळं बोलले. आई शेवटी काय म्हणाली, पांढरा बैल कसा गेला, मळ्यात काय पेरलं. भिवालाही म्हणाले, "तुला मारलं ते चुकलं माझं." भिवा म्हणाला, "बघू." पण नाव त्यांनी घेतलं नाही. 'तू' म्हणाले, 'अरे' म्हणाले. मास्तर कान टवकारून बसले होते. 'किसन' काही आलं नाही.

आणि मग सगळ्यांची पंचाईत झाली. नारायणदादा बरे झाले.

बरे झाले, अंगणात येऊन बसले, भावकी रानातून परतली, आणि दादांनी पुन्हा मास्तरांकडे पाठ केली. मला ऐकून इतका संताप आला की मी म्हणालो, असल्या भावाचं तोंड बघू नका. मास्तर म्हणाले, "तसं न्हाई. मेल्यावर बोलला, जिता झाल्यावर लाजला. जित्या माणसाला लई अडचणी असतात." भिवाने मात्र आडाजवळ दादांना गाठून तोंडावर सांगितलं, "मालक, तुम्ही मेल्ते तवाच बरे व्हते." सगळ्या गावाने हे ऐकलं. दादांनी कासरा उचलला नाही. हे सुद्धा सगळ्या गावाने पाहिलं.

त्याच साली पितृपक्षात मी सावरगावला गेलो. संस्थानात गडबड सुरू होऊ लागली होती. मिशनची शाळा बंद होणार अशी बोलवा होती, आणि मी औरंगाबादला चुलत्याकडे जायचं ठरवलं होतं. मास्तरांना भेटून जावं म्हणून गेलो, तर तो नेमका त्यांच्या तिथीचा दिवस निघाला. "चला," म्हणाले, "माझं श्राद्ध बघून जा."

मी गल्लीच्या पलीकडे कडुलिंबाखाली थांबलो. मास्तर भिंतीला टेकून बसले. वहिनींनी पत्रावळ आणून ठेवली, खाली मान घालून गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. हातात दुसरी पत्रावळ होती. ती त्यांनी पहिलीच्या शेजारी मांडली. थोड्या वेळाने नारायणदादा आले. आजारातून उठलेले, धोतर ढगळ झालेलं. इकडे तिकडे न बघता दुसऱ्या पत्रावळीवर बसले, आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, "आपून बी एकदा मेल्तोच की."

दोघं जेवू लागले. दोघंही समोर बघून. कावळे छपरावर ओळीने बसले होते आणि त्यांना काही समजत नव्हतं असं वाटत होतं.

तेवढ्यात भिवा दोर घेऊन आला. बैलांसाठी नवी दावी सांगितलेली होती, ती द्यायला. तो नेहमीसारखा लांब उभा राहिला. वहिनींनी त्याला बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, नवरा काही बोलत नाही हेही बघितलं. आत जाऊन त्या तिसरी पत्रावळ घेऊन आल्या.

भिवा म्हणाला, "ती नगं, बाई."

"का? घे की. सणाचं हाये."

"ती मेल्याची. मी जिता हाये. मला वाढायचं तर जित्याचं वाढा."

मास्तरांचा घास हातातच राहिला. दादा पत्रावळीकडे बघत होते. मला वाटलं आता कासरा, शिव्या, काय ते होईल. वहिनी पत्रावळ घेऊन तशाच आत गेल्या. आत भांडी वाजली, बराच वेळ वाजत होती, जणू एखादी चीज सापडत नाही. मग त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात घरातलं पितळी ताट होतं. वर वडे, खीर, भाजी. ते घेऊन त्या मध्ये उभ्या राहिल्या. ठेवायला जागा नव्हती. भिंतीच्या सावलीत दोनच माणसं मावत होती आणि ती दोन्ही बसलेली होती.

नारायणदादांनी ताटाकडे बघितलं. ते त्यांचं स्वतःचं ताट असावं. मग भिवाकडे बघितलं. दोर खांद्यावर घेऊन तो उभाच होता, ना पुढे ना मागे. दादा खाली बघत, वैतागल्यासारखं, शेतात गडी अडचणीत उभा असला तर म्हणावं तसं म्हणाले, "किसन, सरक की जरा. माणूस हुबा हाये."

मास्तर सरकले. पत्रावळ हाताने ओढत सरकले. भिवाला बसायला हातभर जागा पुरली असती. पण ते सरकतच राहिले, भिंत संपेपर्यंत, सावली संपेपर्यंत, आणि उन्हात जाऊन बसले. टोपी मांडीवर पडली होती.

"येवढं न्हाई," दादा म्हणाले. "ये हिकडं."